तळघरातला संप

हे घर ज्या चिऱ्यांचं, ते चिरे घराखालूनच निघाले.
सासऱ्यांनी खाण पाडली, खाणीतून भिंती वर आल्या,
आणि खाली उरली एक चौकोनी पोकळी,
अकरा फूट खोल.
तिथे आधी जाळी ठेवायचे, मग नांगर,
ट्रॉलर विकल्यावर काहीच नाही.

तिथे संप बसवायचा म्हटलं
तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "संप? कोनाचो?"
माशांचा, म्हटलं.
"मगे त्येंका काय व्हया ता दी नि मोकळी हो."

वर हॉलमध्ये सहा फुटी काच:
ओहोटीला खडपातल्या डबक्यांतून उचललेले
काळ्या पट्ट्यांचे मासे, शंखातले दोन खेकडे,
एक समुद्रफूल, अजून रुसलेलं.
पाहुण्यांना तेवढंच दाखवायचं.
बाकीचं खाली.
गाळणीचे मोजे, फेस उपसणारी नळी, पाणी थंड ठेवायला पंखा,
आणि शेवाळाचा कप्पा, ज्याला दिवा लागतो रात्री:
वर काळोख झाला
की खाली सकाळ होते.

टाकी म्हणून त्याच ट्रॉलरवरची
बर्फाची निळी पेटी, हजार लिटरची.
नऊ दिवस धुतली. लिंबू, व्हिनेगर, ऊन.
बांगड्याचा वास गेला नाही.
"ऱ्हवांदे," इनास म्हणाला, "तेंच्या घरचोच वास तो."

इनास लोबो. चर्चच्या टाकीपासून मासळीबाजाराच्या नळापर्यंत
वेंगुर्ल्यातली प्रत्येक गळती त्याला नावाने ओळखते.
त्याने पाइप कापले, चिकटवले, मोडून पुन्हा चिकटवले,
मग तिसऱ्या पायरीवर बसला, न पेटवलेली बिडी ओठांत,
आणि विचारलं,
"लाइट गेली तर वयला पाणी खंय जातला?"

माझ्या वहीत सगळं होतं.
पंपाचे ताशी लिटर, अकरा फूट चढताना किती घटतात,
विजेचं महिन्याचं बिल.
सतरा वर्षं बँकेत कॅश मोजली मी,
संध्याकाळी कधी एक रुपया कमी पडला नाही.
हे मात्र मांडलं नव्हतं.

त्याने परतीच्या नळीला, पाण्याच्या नखभर खाली,
दाभणाएवढं भोक पाडलं, हवा शिरायला.
आणि पेटीच्या आत मार्करने रेघ मारली.
"हेच्या वर भरूचा नाय.
कितक्याय रिकामा दिसला तरी."

दिसतंच.
समुद्र दोनशे पावलांवर,
मी भरतीला जेटीवरून स्कूटरने कॅन आणते,
एक पायांत, एक मागे,
आणि प्रत्येक वेळी हात शिवशिवतो:
अजून एक मावेल.

एकदा मावला. कुणाला सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात वारा सुटला, रात्री अकराला वीज गेली.
आधी खळखळाट थांबला,
तीन आठवडे या घरात जो थांबलाच नव्हता.
हवेचा छोटा पंप बॅटरीवर लावला,
मासे एका कोपऱ्यात, सगळे एकाच दिशेला तोंड करून.
टॉर्च घेऊन खाली धावले.

वरचं पाणी उतरत होतं.
घाई नाही, आवाज नाही,
भाडेकरू सामान घेऊन येतो तसं.
रेघ बुडाली.
"किती ऱ्हवला?" सासूबाई वरच्या पायरीवरून.
चार बोटं.
"आता?"
तीन. दोन.
काठाला हात धरून उभी राहिले,
जसं काही हाताने अडणार होतं.

मग वर कुठेतरी त्या भोकाने श्वास घेतला,
सुर्र,
आणि पाणी थांबलं.
दीड बोट.

पावणेतीनपर्यंत आम्ही दोघी पायऱ्यांवर बसलो.
ट्रॉलरचं त्या काही बोलल्या नाहीत,
पेटीच्या कडेवरून मात्र एकदा हात फिरवला
आणि बोटं नाकाशी नेली.

वीज आली. पंप गुरगुरला, पाणी चढू लागलं.
"मिटलो काय गे तुजो संप?"
मिटला, म्हटलं.

त्या झोपायला गेल्यावर मार्कर शोधला.
इनासच्या रेघेच्या दोन बोटं खाली
दुसरी ओढली.
थोडी वाकडी आली आहे.